स्मृतिभ्रंश: रुग्णांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी गावातली बैठक

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घेऊन घरचे लोक दवाखान्यात येतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'यावर गोळी कोणती?' गोळ्या आहेत, पण त्यांचा उपयोग मर्यादित आहे. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असताना, सोबत आलेली सून किंवा लेक दाराशी थांबून हळूच विचारते, 'डॉक्टर, मी हे किती दिवस करायचं?' या दुसऱ्या प्रश्नावर एक साधा आणि कमी खर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे गावातच, ठरलेल्या दिवशी, अशा माणसांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी एकत्र बसणे. ही बैठक कशी भरवावी, तिचा उपयोग कुठपर्यंत होतो आणि कुठे होत नाही, याची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणे मुख्यतः नाशिक जिल्ह्यातली आहेत.

हा आजार नेमका कोणता?

वय झाले की थोडे विसरायला होतेच. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण शोधल्यावर सापडतो. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात त्यात, विसरण्यामुळे रोजचे व्यवहार कोलमडतात. जेवण झाल्याचे आठवत नाही. चाळीस वर्षे ज्या वाटेने मळ्यात गेले तीच वाट चुकते. सुट्टे पैसे मोजता येत नाहीत. स्वभाव बदलतो, संशय वाढतो, रात्रीची झोप मोडते. मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होत जाण्याने किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड झाल्याने हे घडते. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे.

गावात याला 'म्हातारचळ' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कधी देवरुषाकडे नेतात. पण हे वेड नाही, बाहेरची बाधा नाही आणि म्हातारपणाचा हट्टही नाही.

बैठकीला आणण्याआधी प्रत्येकाची एकदा डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी. कारण काही वेळा हा विसराळूपणा दुसऱ्याच कारणाने आलेला असतो आणि तो उपचाराने बराच कमी होतो. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या गोळ्या, दारू ही त्यातली नेहमीची कारणे. ऐकू न येणे हे आणखी एक कारण. ज्या आजींना प्रश्नच ऐकू येत नाही त्या उत्तर चुकणारच. गोंधळ दोन-चार दिवसांतच अचानक सुरू झाला असेल तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, साखर कमी होणे, शरीरातले पाणी कमी होणे असे काहीतरी असते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

शाळेची पायरी न चढलेल्या माणसाची स्मरणशक्ती कशी तपासायची, हा प्रश्न रास्त आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागात अशाच लोकांसाठी लिहिण्यावाचण्यावर न बेतलेली चाचणी हिंदीत तयार केली गेली होती. धडा साधा आहे. आजींना तारीख विचारू नका. 'आता महिना कोणता?' याला त्यांनी 'श्रावण, नागपंचमी परवा झाली' असे उत्तर दिले आणि ते बरोबर असेल, तर त्यांना दिवसांचे भान आहे.

गावात असे किती जण असतील?

भारतातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख लोक. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते जास्त आढळले. कमी शिक्षण हा या आजाराचा एक धोका मानला जातो. आपल्याकडच्या आजच्या म्हाताऱ्या बायकांना शाळा मिळाली नाही, हे इथे लक्षात घ्यावे.

हा आकडा गावाच्या मापात बसवून पाहू. दोन हजार वस्तीच्या गावात ६० वर्षांवरची साधारण दोनशे माणसे असतात. त्यांत चौदा-पंधरा जणांना हा आजार असेल, काहींना सौम्य, काहींना गंभीर. सरपंचांना विचारले तर ते एक-दोन नावे सांगतील. बाकीची माणसे घरात, मागच्या पडवीत असतात. त्यांना लग्नाला नेणे बंद झालेले असते. पाहुणे आले की दार ओढून घेतले जाते.

यांना शोधण्याची सोय सरकारी कामातच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-अर्ज आशाताई घरोघर जाऊन भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असा आहे की जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो का. अडचण एवढीच की या प्रश्नाचे उत्तर अनेकदा घरचा कर्ता माणूस देतो, आणि तो 'तसं काही नाही' म्हणून मोकळा होतो. आशाताईंनी हा प्रश्न चुलीपाशी बसून सुनेला विचारावा.

बैठकीचा उपयोग कोणाला होतो?

रुग्णाला होतो, पण सांभाळणाऱ्या माणसाला जास्त होतो, असे माझे मत आहे. त्याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. हे कोणा एका घरचे नाही, पुन्हा पुन्हा दिसणारे आहे.

सासूबाई स्वतःच्या हाताने पाटल्या फडक्यात गुंडाळतात आणि धान्याच्या कणगीत लपवतात. तासाभराने त्यांना ते आठवत नाही. पाटल्या जागेवर नाहीत, म्हणजे कोणीतरी घेतल्या. घरात दिवसभर कोण असते? सून. मग शेजारीपाजारी, नणंदेला फोनवर, दारात आलेल्या भाजीवालीला, सगळ्यांना सांगून होते की सुनेने पाटल्या चोरल्या. जी बाई रोज त्यांना आंघोळ घालते, रात्री चार वेळा उठते, तिच्यावरच आळ येतो. पाहुणी आलेली नणंद दोन तास बसते. त्या दोन तासांत सासूबाई अगदी व्यवस्थित बोलतात, कारण ओळखीच्या गप्पा त्यांना अजून जमतात. नणंदेची खात्री पटते की आई ठीक आहे, वहिनीच काहीतरी लपवते आहे. या आळापायी घरे तुटलेली मी पाहिली आहेत.

डॉक्टरने सांगितले की चोरीचा संशय हे आजाराचे लक्षण आहे, तर सून मान हलवते, पण तिचे समाधान होत नाही. मात्र पलीकडच्या वस्तीवरची दुसरी बाई म्हणाली, 'आमच्या मामंजींनी माझ्या नवऱ्यावर बैल विकल्याचा आळ घेतला, बैल गोठ्यात उभे होते,' की ती आधी हसते आणि मग रडते. हे काम दवाखान्यात होत नाही. त्यासाठी तेच भोगणारी दुसरी माणसे लागतात.

सततच्या देखभालीने सांभाळणाऱ्यांना नैराश्य येते, रक्तदाब वाढतो, पाठ धरते. आपल्याकडे हे काम बहुतेक घरांत बायकांकडे असते आणि ते काम म्हणून मोजलेही जात नाही. ती बाई पंधरा दिवसांतून दोन तास घराबाहेर पडून मोकळी बसली तर सगळे ओझे उतरत नाही. पण त्यानंतरचे चार दिवस घरातला आवाज खाली येतो.

पेठ आणि गोव्याचा अनुभव

डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसताना गावकरी असे काम करू शकतील का, ही शंका नेहमी येते. नाशिक जिल्ह्यातच याचे उत्तर आहे. पेठ तालुक्यातल्या ४१ गावांमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा उपक्रम झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य, कायदा आणि धोरण या विषयावरच्या केंद्राने तो राबवला. तो स्मृतिभ्रंशासाठी नव्हता. मनाचा ताण, उदासी, चिंता असलेल्या लोकांसाठी होता. पण त्याची रचना आपल्याला हवी तशीच आहे. गावातली, लोकांचा विश्वास असलेली माणसे निवडली. त्यांतले काही 'मित्र' म्हणजे अडचणीतले माणूस ओळखून पुढे कळवणारे. काहींना जास्त प्रशिक्षण देऊन घरी जाऊन समुपदेशन करायला शिकवले. मोबाइलवर छोट्या फिती दाखवून विषय काढायचा, गंभीर आजार दिसला तर सरकारी दवाखान्यात पाठवायचे आणि सरकारी योजनांचे कागद भरायला मदत करायची. पुढे हाच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला गेला.

कागद भरण्याचा भाग किरकोळ वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. 'तुमच्या आईच्या आजाराबद्दल बोलू' म्हटले की दार बंद होते. 'श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरला का?' म्हटले की चहा येतो.

स्मृतिभ्रंशाचाच थेट पुरावा शेजारच्या गोव्यातून मिळतो. तिथे दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी भेट देत. ते आजाराची माहिती देत, त्रासदायक वागणुकीला कसे तोंड द्यावे ते सांगत, योजना मिळवून देत आणि गरज पडल्यास डॉक्टरशी जोडून देत. या कुटुंबांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. आजार मात्र थांबला नाही, आणि तसा दावा कोणी केलाही नाही.

एकत्र बसण्याची कल्पनाही नवी नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९७ मध्ये बेरे मीसन या मानसशास्त्रज्ञांनी 'अल्झायमर कॅफे' सुरू केला. रुग्ण, नातेवाईक आणि जाणकार एका टेबलाशी बसून चहा-कॉफी घेतात, बोलतात. आपल्याला कॅफे नको. आपल्याकडे देवळाचा सभामंडप आहे, हरिपाठ आहे, पारावरची बैठक आहे.

बैठक कशी भरवावी?

नाव जपून ठेवावे. फलकावर 'स्मृतिभ्रंश' किंवा 'विसरभोळे' लिहिले तर कोणी येणार नाही. 'आजी-आजोबांची बैठक' पुरे.

जागा जमिनीलगतची हवी, पायऱ्या नकोत, आणि शौचालय जवळ हवे. समाजमंदिर, अंगणवाडी सुटल्यानंतरची खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह चालते. दोन कोपरे हवेत. एकात रुग्ण आणि मदतनीस, दुसऱ्यात सांभाळणारे. दोन्ही एकमेकांना दिसावेत, पण बोलणे ऐकू जाऊ नये. वेळ सकाळी साडेदहा ते बारा. संध्याकाळ टाळावी, कारण दिवस मावळताना या रुग्णांचा गोंधळ वाढतो. आठवडे बाजाराचा दिवसही नको. महिन्यातून दोनदा, वार ठरलेला.

नाशिकच्या हंगामाकडे लक्ष द्यावे लागते. द्राक्षाची छाटणी आणि तोडणी चालू असताना दिंडोरी-निफाडकडच्या बायकांना सकाळ मोकळी नसते. तेव्हा बैठक दुपारी दोनला घ्यावी. पेठ-सुरगाण्यातली कितीतरी घरे दिवाळीनंतर मजुरीला द्राक्षपट्ट्यात जातात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. अशा महिन्यांत बैठकीपेक्षा घरभेटीच जास्त कराव्या लागतील.

सुरुवातीला पाच-सहा घरे पुरेत. चालवायला आशाताई, एखाद्या बचत गटातल्या दोघी, भजनी मंडळातले कोणी आणि असल्यास निवृत्त शिक्षक. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना महिन्यातून एकदा बोलवावे. त्यांनी रक्तदाब-साखर बघावी आणि सांभाळणाऱ्यांचीही बघावी. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्याला सोबत घ्यावे, पण सूत्रे त्याच्याकडे देऊ नयेत. तिथे बहुधा धडधाकट पुरुष असतात आणि बैठकीचे भाषण होते.

खर्च म्हणाल तर चहा, सतरंजी आणि चार-दोन खुर्च्या. ज्यांना खाली बसून उठता येत नाही त्यांना खुर्ची लागतेच.

रुग्णांबरोबर काय करावे?

परीक्षा घेऊ नये, हा पहिला नियम. 'आजी, ओळखा पाहू मी कोण?' असे प्रत्येक नातेवाईक विचारतो. उत्तर आले नाही की आजींना अपमान कळतो, प्रश्न विसरल्या तरी अपमान राहतो. त्याऐवजी आपणच म्हणावे, 'आजी, मी गंगूबाईंची नात, पाया पडते.'

या आजारात अलीकडचे आधी जाते. हाताला असलेली सवय आणि लहानपणापासून कानावर असलेले सूर बराच काळ टिकतात. म्हणून वाती वळणे, शेंगा फोडणे, मेथी निवडणे, नागलीतले खडे काढणे, दोर वळणे अशी कामे द्यावीत. वाती वाकड्या झाल्या तर होऊ द्याव्यात. बियाणे हातात द्यावे आणि पेरणीच्या गप्पा काढाव्यात. बैलांची नावे विचारली की गप्प बसलेले बाबा बोलायला लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. नातवाचे नाव आठवत नाही पण बैलांचे आठवते, यावर घरच्यांनी रागावू नये.

भजन आणि ओव्या यांचा उपयोग सर्वांत जास्त. बोलण्यासाठी शब्द सापडत नाहीत अशी बाईही ओवी सुरू झाली की दुसरी ओळ स्वतः म्हणते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मोबाइलवर लावून चालेल, पण गावातल्याच एखाद्या बाईने म्हटले तर उत्तम.

अशा कामांना शास्त्राचा आधार आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेली गटातली बौद्धिक चालना देण्याची पद्धत ४५ मिनिटांच्या १४ सत्रांची असते, आठवड्यातून दोनदा. सौम्य ते मध्यम आजारात तिने स्मरणशक्ती आणि जगण्याची गुणवत्ता थोडी सुधारल्याचे दिसले आहे. 'थोडी' हा शब्द लक्षात ठेवावा. गावातली पंधरवड्याची बैठक म्हणजे तो उपचार नव्हे. तिच्यातून मिळते ती सोबत आणि घराबाहेर पडण्याचे एक निमित्त.

एखादे आजोबा उठून जायला लागले तर अडवू नये. सोबत चालत एक फेरी मारून आणावी. कोणी रडायला लागले, चिडले, तर गर्दीतून बाजूला न्यावे. गोंगाट आणि लाउडस्पीकर नकोत.

सांभाळणाऱ्यांच्या कोपऱ्यात

इथे व्याख्यान देऊ नये. एकीने आपली अडचण सांगावी, बाकीच्यांनी आपण काय केले ते सांगावे. गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात, म्हणून दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. इथले बोलणे पाणवठ्यावर जाणार नाही. आणि जमिनीच्या वाटणीचा विषय इथे निघणार नाही. दुसरा नियम मोडला की बैठक महिन्याभरात बंद पडते.

तरी जमिनीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजार सौम्य असताना, माणसाला व्यवहार कळतो आहे तोवरच बँक, वारस, मृत्युपत्र यांची व्यवस्था त्याच्या इच्छेप्रमाणे करून घ्यावी. समज गेल्यावर घेतलेला अंगठा हा पुढे भावाभावांतल्या खटल्याचे मूळ होतो.

चोरीच्या आळाबद्दल: वाद घालू नये. 'मी नाही घेतल्या' म्हणून उपयोग नाही. 'चला, दोघी मिळून शोधू' म्हणावे, आणि लपवण्याच्या नेहमीच्या जागा माहीत करून घ्याव्यात. खरे दागिने आधीच सुरक्षित ठेवावेत. नवऱ्याने आपल्या बहिणींना आजाराची माहिती स्वतः द्यावी. ते काम सुनेवर सोडू नये. जमल्यास नणंदेने आठ दिवस येऊन राहावे, एक रात्र काढली की बऱ्याच गोष्टी न सांगता कळतात.

भटकण्याबद्दल: खिशात किंवा ब्लाउजला आतून शिवलेल्या पट्टीवर नाव, गाव आणि फोन नंबर असावा. एसटी थांब्यावरचे दुकानदार, रिक्षावाले यांना आधीच सांगून ठेवावे. उघडी विहीर आणि शेततळे यांच्याकडे विशेष लक्ष. माणूस दिसेनासा झाला तर पहिल्यांदा तिथे बघावे.

बागाईत गावांत आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. फवारणीची औषधे घरातच, कधी पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेली असतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ती बाटली पाण्याचीच वाटते. ही औषधे कुलपात हवीत, आणि दुसऱ्या बाटलीत कधीच ओतू नयेत. चूल आणि गॅसचेही तसेच. शेगडी वापरून झाली की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा.

रुग्णावर हात उगारला गेला असे कोणी कबूल केले तर बाकीच्यांनी तिला धारेवर धरू नये. ती थकली आहे याची ती खूण आहे. त्याच आठवड्यात घरी भेट द्यावी, रात्रीची पाळी दुसऱ्या कोणाकडे देता येते का ते घरातल्या पुरुषांसमोर ठरवावे. मात्र रुग्णाला बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, वारंवार मारणे असे घडत असेल तर ते बैठकीत मिटवायचे प्रकरण नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर कळवावे. सांभाळणाऱ्याला स्वतःला जगणे नको वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

बैठकीने काय होणार नाही?

निदान होणार नाही, औषध ठरणार नाही. शेजारणीच्या सासूला लागू पडलेली गोळी आपल्या सासूला देऊ नये. विशेषतः रात्री शांत झोपावे म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी म्हातारी माणसे पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि गोंधळ आणखी वाढतो. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच कमी करावी. चष्मा आणि कानाचे यंत्र मात्र बैठकीतून मिळवून देता येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा त्यासाठी उपयोग होतो. ऐकू आणि दिसू लागले की निम्मी भांडणे कमी होतात, असा माझा तरी अनुभव आहे.

आजार वाढत जाईल तसा रुग्ण बैठकीला येईनासा होतो. अंथरुणाला खिळतो, गिळताना ठसका लागतो. तेव्हा घरभेट सुरू करावी. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, बसवूनच घास कसा भरवायचा हे आशाताई किंवा परिचारिकेने घरी दाखवावे. सांभाळणारीने मात्र बैठकीला येत राहावे. त्या दीड तासापुरते मदतनिसांपैकी एकीने तिच्या घरी रुग्णाजवळ बसावे, हे आधीच पाळीने ठरवून ठेवावे.